मृदंग वाजवणाऱ्याचं नाव कधी छापता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या गावाकडच्या सप्ताहाची बातमी आली, काल्याच्या कीर्तनाची. महाराजांचं नाव अन् त्याखाली 'यावेळी उपस्थित मान्यवर' म्हणून 14 नावं, मी मोजली. त्यातले निम्मे शेवटी आले, नारळ घेतला, फोटो काढला अन् गाडीत बसून गेले. दोन तास उभं राहून ज्या पोरानं मृदंग वाजवला त्याचं नाव कुठंच नाही. सप्ताहाच्या पत्रिकेत निदान मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी असं सगळं छापलेलं असतं, पेपरात येताना नेमकं तेवढंच गळतं.

मी काही जाणकार नाही साहेब. परभणीत खत-बियाण्याचं दुकान आहे माझं. चाळिशी उलटेपर्यंत गाणं म्हणजे मोबाईलमधलं, अन् कीर्तन म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी दोन मिनिटांची क्लिप, त्यात महाराज सासूसुनेवर जोक मारणार अन् खाली हसण्याचे इमोजी. मला खरंच वाटायचं कीर्तन एवढंच असतं.

मग चार वर्षांमागं भाच्याच्या लग्नाचा देवीचा गोंधळ होता, जिंतूरकडं. पोरं म्हणली अर्ध्या तासात उरका, सकाळी लवकर निघायचंय. मी पण झोपायच्याच बेतात होतो पण दाजींनी तेलाची बाटली हातात दिली अन् म्हणाले, "तू बस इथं, दिवटीत तेल घालत जा, विझू द्यायची नाही." झालं, अडकलो. चौक मांडला, कलश, विड्याची पानं, उसाची पाच धाटं उभी केली, अन् नाईकानं, म्हणजे मुख्य गोंधळ्यानं, एकेका देवीला हाक मारायला सुरुवात केली, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, सगळ्यांनी गोंधळाला यावं. मी हाताच्या अंतरावर. संबळ इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता, त्यात एकीकडून कडकड अन् एकीकडून घुमणारा असे दोन आवाज असतात हेच मला माहीत नव्हतं, वरातीत नुसता धडधडाट ऐकलेला.

मग कथा लागली. नाईक सांगतोय अन् तुणतुणंवाला मधीच वेड्यावाणी विचारतोय, "मंग राजानं काय केलं?" नाईक म्हणे, "तुला काहून घाई? राजा उपाशी हाय, अन् तुझं सगळं ध्यान मांडवातल्या बुंदीकडं!" रात्री दोनला मांडवात आम्ही सात जण उरलो, त्यातली दोन लेकरं झोपलेली. तरी त्या माणसांनी आवाज काही कमी केला नाही. आमची आत्या, एरवी घरात कुणाशी फारशी न बोलणारी, ती प्रत्येक ठिकाणी बरोबर हुंकार देत होती, तिला सगळी कथा पाठ. ऐकता ऐकता मी तेल घालायचंच विसरलो, दिवटी फडफडायला लागली, तर नाईकानं गाणं न तोडता त्याच चालीत ओळ घातली, नवरदेवाच्या मामाचं चित्त कुठं गेलं! आत्या एवढी हसली की लेकरं उठली.

त्या रात्रीची क्लिप कुणी काढली असती तरी तुम्हाला काय कळलं असतं?

तेव्हापासून मी जिथं जमंल तिथं जातो. परभणीचेच राजारामभाऊ कदम, गोंधळात ज्यांचं नाव महाराष्ट्रभर घेतात, त्यांना गावात राहून कधी समोर बसून ऐकलं नाही याची आता लाज वाटते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वाल्या लक्ष्मण देशपांडेंचं पण तसंच, एकटा माणूस स्टेजवर 52 पात्रं उभी करायचा, मी कॅसेटवर ऐकून हसत राहिलो अन् 2009 ला ते गेले.

नाथषष्ठीला पैठणला गेलो तर भारुडात बाईच्या वेषातल्या गड्यानं माझंच उपरणं ओढून मला नवरा केलं, चारचौघात. एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, फकीर सगळ्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितलं हे शाळेत घोकलेलं, ते उपरणं गेलं तेव्हा समजलं. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटसमोर लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी ऐकली, शेजारचा म्हातारा माझ्या मांडीवर ताल धरत होता, ओळख ना पाळख. नोव्हेंबरात अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण समारोहात शास्त्रीय गाणं ऐकलं, राग-बिग काही कळला नाही पण समेवर येताना तबलेवाला अन् गाणारा एकमेकांकडं बघून हसतात ना, ते कळलं. ते दिसण्यासाठी पुढं बसावं लागतं, अन् पुढच्या खुर्च्या मान्यवरांसाठी राखीव अन् रिकाम्या.

एक तक्रार आयोजकांची पण आहे. शंभर माणसांच्या मांडवाला ते भिंतीएवढे बॉक्स कशाला लागतात? संबळाला तर माईकच लागत नाही. त्या बॉक्समधून मृदंग ऐकला की फक्त धप्प धप्प येतं, बोटांचं काम सगळं वाया.

तर मुद्दा असा की आपल्या पेपरात बातमी येते ती कार्यक्रम झाल्यावर, मान्यवरांच्या नावासकट. त्यापेक्षा आदल्या दिवशी कोपऱ्यात चार ओळी छापा, उद्या कुठं कीर्तन आहे, कुठं गोंधळ, कुठं कविसंमेलन, किती वाजता, अन् साथीला कोण कोण. जागा कमी पडली तर मान्यवर कापा, ते काही रागवणार नाहीत, रागावले तर माझं नाव सांगा.

सोबत पुढच्या महिन्यातल्या सप्ताहाची पत्रिका जोडली आहे. मृदंगाचार्यांचं नाव शेवटून तिसऱ्या ओळीत आहे, अक्षर बारीक आहे म्हणून पेनानं गोल केलाय.

आपला रोजचा वाचक,
परभणी