वाऱ्यामागे निघालेल्या लेकीच्या बापाला

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

लेक बी.एस्सी. बाजूला ठेवून वर्षभर गोव्याला विंडसर्फिंग शिकायला जाते म्हणते, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचा खेळ. त्यावर परवा फोनवर तू एकच प्रश्न विचारलास, “आबा, ह्यात पोट भरतं का?” शेजारी वहिनी होत्या, लेकही तिथंच कुठं तरी कान देऊन उभी असणार. अशा वेळी घाईत काही बोलून पोरीच्या वर्षाचा निकाल लावणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहितो म्हणालो. आज सुट्टी आहे, जेवणं झालीत. तूही सावकाश वाच, आणि वाचून झालं की पत्र तिच्या हातात दे.

आधी उत्तर. बहुतेकांचं भरत नाही. अगदी वरचे मोजके सोडले, तर विंडसर्फिंगच्या बक्षिसातून विमानाचं भाडं सुटणंही मुश्कील. बोर्ड आणि शिडं बनवणाऱ्या कंपन्या काहींना सामान देतात, थोड्यांना पैसे देतात. बाकीचे नवशिक्यांना शिकवतात, दुकानात उभे राहतात, कंपन्यांची नवी शिडं पाण्यावर नेऊन तपासून देतात, आणि ह्यातून उरलेल्या वेळात स्पर्धेची तयारी करतात. हे तिला माहीत असेल तर ठीक. नसेल तर तू सांग, लपवू नकोस.

पण मला विचारशील, तर पैशाच्याही आधी एक गोष्ट बघायला हवी. तिला थांबता येतं का?

व्यावसायिक विंडसर्फरांचा जागतिक दौरा असतो, पीडब्ल्यूए म्हणतात त्याला. आपल्याकडचा पैलवान जत्रांची यादी खिशात टाकून एका फडावरून दुसऱ्या फडावर जातो, तसं ह्यांचं वर्ष जातं. जुलैत स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियाचं पोझो, मग शेजारच्या बेटांवर तेनेरिफेचं एल मेदानो आणि फुएर्तेव्हेंतुरा, पावसाळा सरता सरता जर्मनीचं झिल्ट बेट, वर्षाच्या शेवटाकडे हवाईतलं हूकिपा. युरोपात थंडी पडली की कित्येक जण सरावाला केप टाउनला जातात, कारण तिकडं तेव्हा उन्हाळा आणि जोराचं वारं. मात्र फडात समोरचा पैलवान निदान आलेला तरी असतो. इथं वारं येईलच असं नाही. म्हणून स्पर्धेला एक दिवस ठरवत नाहीत, आठ-दहा दिवसांची मुदत ठेवतात. रोज सकाळी सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावतात, त्या दिवशी काय होणार ते सांगतात, आणि पुष्कळदा ते ‘थांबा’ एवढंच असतं. शिडं बांधून वाळूवर पडलेली, मास्टला, म्हणजे शिडाच्या खांबाला, ताण दिलेला, अंगात पाण्यातला गरम वेटसूट, आणि समुद्र आरशासारखा. कधी कधी सगळी मुदत अशी जाते आणि निकाल न लागता स्पर्धा गुंडाळतात. अर्धं जग ओलांडून आलेला माणूस पाण्याला पायही न लावता परत जातो.

मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामात इतकी वर्षं काढली, म्हणून हे मला आतून कळतं. आमची पवनचक्की सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वारं लागलं की फिरायला लागते आणि पंचवीसच्या पुढं गेलं की स्वतःला थांबवते. एप्रिलमध्ये मशीनखाली उभं राहून पात्याकडं बघत बसायचं, आणि जून लागला की घाटातून असं वारं चढतं की गाडीचं दार उघडताना दोन हात लावावे लागतात. आता पोझोचा हिशोब बघ. तिथं उन्हाळ्यात व्यापारी वारे बेटाच्या कोपऱ्यावर दाबले जाऊन आणखी जोर धरतात. चाळीस नॉट ही तिथं मोठी बातमी नसते. म्हणजे ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर, सेकंदाला वीस मीटरच्या वर. एवढ्या वाऱ्यात आम्ही माणसाला टॉवरवर चढू देत नाही. तिथं लोक साडेतीन चौरस मीटरचं शीड हातात धरून गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरतात, लाटेवरून उडतात आणि हवेत उलटं फिरून खाली येतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. शिडाचं माप निवडताना थोडं मोठं घेतलं तर झोत माणसाला उचलून पुढं फेकतो, थोडं छोटं घेतलं तर वारं मंदावताच बोर्ड पाण्यात बसतो. हा निर्णय किनाऱ्यावर उभं राहून, पाण्यावरच्या काळसर पट्ट्यांकडं बघून घ्यायचा. तुझ्या लेकीनं मला गोव्याहून पाठवलेल्या फोटोंत असे पट्टेच जास्त होते, माणसं कमी. ते बघून मला फार बरं वाटलं होतं.

पोझोचं नाव काढलं म्हणून वहिनींसाठी हे लिहितो. लाटांवरच्या बायकांच्या गटात कितीतरी वर्षं जगज्जेतेपद त्याच बेटावरच्या जुळ्या बहिणींपैकी कुणा एकीकडं असायचं, दायदा आणि इबाया मोरेनो. बायकांसाठी वेगळं, सौम्य वारं कुठून आणणार? पुरुष ज्या समुद्रात उतरायचे त्याच समुद्रात ह्या उतरल्या. कॅरिबियनमधल्या अरुबासारख्या चिमुकल्या बेटावरची सारा-क्विटा ऑफ्रिंगा हिच्याकडं तर एवढी विजेतेपदं आहेत की मोजताना गोंधळ होतो. त्यामुळं ‘मुलीची जात’ हा मुद्दा वहिनींनी काढला, तर ह्या तिघींचे व्हिडिओ लावून दे. मला त्या मुद्द्यावर आणखी काही म्हणायचं नाही.

थांबण्याची दुसरी बाजूही सांगतो. २०१३ मध्ये वादळांचाच पाठलाग करणारी एक स्पर्धा सुरू झाली, रेड बुल स्टॉर्म चेस. निवडक विंडसर्फरांना सांगून ठेवलेलं, की हवामानाच्या नकाशावर पुरेसं मोठं वादळ दिसलं की निरोप येईल, मग सामान उचलायचं आणि निघायचं. पहिली फेरी आयर्लंडच्या ब्रँडन बेला, दुसरी पार टास्मानियात, आणि शेवटची फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलला. फ्रान्सचा थॉमस त्राव्हेर्सा जिंकला. बाकीचं जग दारं-खिडक्या लावून घेत असताना ही माणसं विमानतळावर बोर्डच्या लांबलचक पिशव्या ओढत होती. त्या पिशव्यांचं भाडं हाही एक वेगळाच जाच आहे. जादा सामानाचे पैसे भरता भरता नवे खेळाडू रडकुंडीला येतात. आणि असे निरोप येतात तेव्हा घरात कुणाचं लग्न आहे की कुणी आजारी आहे, हे वारं बघत नाही. दिवाळीला ती घरी असेल असं धरून चालू नकोस.

तुझ्या मनात ऑलिम्पिक आहे, हे मला ठाऊक आहे. तो रस्ता थोडा निराळा. तिथं उड्यांना गुण नाहीत, शर्यत आहे, आणि सगळ्यांचं सामान एकसारखं. पुरुषांसाठी हा खेळ १९८४ पासून आहे, बायकांसाठी १९९२ पासून. पॅरिसच्या वेळी, म्हणजे २०२४ ला, मार्सेलच्या समुद्रात पहिल्यांदा आयक्यूफॉइल नावाचा प्रकार आला. बोर्डाच्या खाली पंचाण्णव सेंटिमीटरचा खांब, त्याच्या टोकाला पंख. वेग आला की अख्खा बोर्ड पाण्यावर उचलला जातो आणि माणूस हवेतून गेल्यासारखा जातो. आमची पवनचक्की जेवढ्या वाऱ्यावर जागी होते, जवळजवळ तेवढ्याच वाऱ्यावर हा बोर्डही उठतो. हे मला कळलं त्या दिवशी साइटवर मी सगळ्यांना ऐकवत सुटलो होतो. पुरुषांचं शीड नऊ चौरस मीटरचं, बायकांचं आठ. एवढं शीड पेलायला अंगात वजन लागतं. त्याआधी २००८ पासून टोकियोपर्यंत आरएसएक्स नावाचा बोर्ड होता, त्याला हलकं शरीर सोयीचं होतं. बोर्ड बदलला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं अंग वाळवलं होतं त्यांना खुराक वाढवून अंग भरावं लागलं, काहींना थांबावं लागलं. खेळाडूनं काही चूक केलेली नसते. कुठल्या तरी बैठकीत ठराव होतो आणि शरीर पुन्हा पहिल्यापासून घडवावं लागतं.

मार्सेलला मी मोबाइलवर शर्यती बघत होतो. वारं पडलं म्हणून पुढं ढकलायचे, मी फोन ठेवायचो, परत उचलायचो. बायकांमध्ये इंग्लंडची एमा विल्सन सुरुवातीच्या फेऱ्यांत सगळ्यांच्या फार पुढं होती. पण तेव्हा नियम असा होता, की पहिली आलेली थेट अंतिम फेरीत जायची खरी, तिथं मात्र तिघीच असायच्या आणि आधीचे गुण चालत नव्हते. त्या एका शर्यतीत ती तिसरी आली. इटलीची मार्ता माजेत्ती जिंकली, इस्रायलची शेरॉन कँटर दुसरी. कितीतरी दिवसांची मेहनत आणि शेवटची काही मिनिटं, त्यात वाऱ्याची एक झुळूक डावीकडं की उजवीकडं. मला तो नियम अन्यायाचा वाटतो. बघणाऱ्याला मजा यावी म्हणून केलेला आहे, आणि त्याची किंमत पाण्यावरची पोर मोजते. त्या रात्री मला तुझ्या लेकीची आठवण झाली होती, ती तेव्हा अजून कृष्णेत नुसती पोहत होती.

आपल्याकडं काय, हेही विचारशील. २०२३ च्या हांगझोच्या आशियाई स्पर्धांत आपल्या एबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवलं, आरएसएक्सवर. त्याच स्पर्धेत नेहा ठाकूरनं एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीत रौप्य आणलं, आणि ती शिकली भोपाळच्या तलावावर. भोपाळला कुठं समुद्र आहे? आपल्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकडं बघताना मला नेहमी हे आठवतं. त्याच्या काठावरच्या बामणोलीला उन्हाळ्याच्या दुपारी पाण्यावर जे वारं सुटतं त्यावर एक दिवस आपल्या भागातली पोरं शिडं लावतील, असं मला मनापासून वाटतं. पण तिथं हे शिकायची सोय माझ्या माहितीत नाही, म्हणून गोवा. तिथं उन्हं तापली की जमिनीवरची हवा वर जाते आणि दुपारी समुद्रावरून वारं आत येतं. दोना पावलाला मी पोरं बघितली, सकाळभर सामान घासत, दोऱ्या तपासत बसलेली. दुपारी पाणी सुरकुतलं की एकही बोलायला थांबलं नाही.

वयाचं खरं तेच लिहितो. सतरा म्हणजे उशीर. अमेरिकेचा विंडसर्फर रॉबी नॅश १९७६ साली पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा तेरा वर्षांचा होता. ती जगात पहिली येईल असं मी म्हणणार नाही, तूही तिच्यापाशी म्हणू नकोस. देशात चांगली होऊ शकते. शिकवण्याचं प्रमाणपत्र घेऊन त्यावर उभी राहू शकते. आणि हे काहीच झालं नाही, तर एक वर्ष गेलं, बी.एस्सी. कुठं पळून जात नाही.

पैशाचं म्हणशील तर बापू, आपण खाशाबांच्या मुलखातली माणसं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. तुला घर गहाण टाकायला मी सांगत नाही. पहिल्या वर्षाचा तिचा राहण्याचा खर्च मी उचलतो. आमच्या हिच्याशी बोलणं झालंय, ती माझ्याआधी तयार झाली. ह्यावर फोन करून वाद घालू नकोस.

तू एवढंच कर. ह्या मे महिन्यात तिच्याबरोबर गोव्याला आठ दिवस जा. ती पाण्यावर कशी दिसते ते बघू नकोस, त्यात बापाला काही कळणार नाही. वारं नसलेल्या दिवशी ती काय करते ते बघ. फोनमध्ये डोकं घालून चिडचिड करत बसली, तर मला सांग, मग आपण वेगळा विचार करू. शीड उलगडून शिवण तपासत बसली, दुसऱ्याला बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, बांधायला मदत करत बसली, दर थोड्या वेळानं मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडं बघत राहिली, तर तिला अडवू नकोस.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
आबा

ता. क. जिथं ती शिकणार आहे तिथं तीन गोष्टी तू स्वतः विचार. मुलं पाण्यात असताना सुटकेची मोटरबोट इंजिनासकट तयार असते का. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला सोडतात का. आणि पहिलं वर्ष सामान भाड्यानं मिळतं का. नवं सामान आत्ता अजिबात घेऊ नका, ती शिकेल तशी शिडाची मापं बदलत जातात. हाताला घट्टे पडतील आणि फुटतील, त्याला घाबरू नका. पण खांदा किंवा पाठ दुखते म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, हे तिच्याकडून कबूल करून घे.