जुन्या जावाचा ‘व्हीए’ नंबर आवाक्यात आणा

संपादक महोदय,

वडिलांची म्हैसूरच्या कारखान्यातली जावा मोटारसायकल परळीच्या आमच्या वाड्यात अजून उभी आहे. गिअरचा दांडा आत दाबून वर उचलला की तोच किक होतो. नवी पोरं बघतच राहतात! पेट्रोलमध्ये ऑइल कालवायचं, किक मारायची, की दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर. वडील याच गाडीवर कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आणायला जायचे.

तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ हा व्हिंटेज, म्हणजे जुन्या गाड्यांचा खास नोंदणी नंबर दिला, हे चांगलंच झालं. पण नव्या नोंदणीचे २० हजार रुपये मोटारीला आणि मोटारसायकललाही सारखेच! शेतकऱ्याच्या घरातली जावा मग भंगारात जाते. दुचाकीसाठी वेगळा, कमी दर ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षक, परळी वैजनाथ