व्हीपीएन वारंवार तुटण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चार तक्रारी 'निवारण झाले' म्हणून बंद, दोष तसाच

महोदय,

मी साताऱ्यात घरी बसून तुमच्या इंटरनेटवरून, व्हीपीएनने (म्हणजे ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित जोडणीने), पुण्यातल्या ऑफिसच्या सर्व्हरवर हिशेबाचं काम करते. व्हीपीएन तुटलं की अर्धवट नोंद जाते, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. महिनाअखेरीला हे दिवसातून पंधरा-वीस वेळा होतं. तुमच्याकडून दर वेळी एकच उत्तर मिळतं, 'राउटर बंद करून चालू करा.' ते करून झालं. वायफाय सोडून केबल लावली, पॅकेटचा आकार 1500 वरून 1400 वर आणला, काही फरक नाही. त्याच लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट दिला तर व्हीपीएन दोन-दोन तास टिकतं.

मग लक्षात आलं, काम चालू असताना ते तुटत नाही. फोन आला, कागद वाचत बसले, की तुटतं. रविवारी राउटर बाजूला काढला, फायबरच्या डब्यातली केबल थेट लॅपटॉपला लावली, तुमचं युजरनेम टाकून कनेक्शन जोडलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तीस सेकंद काहीही न करता थांबले तर चालतं, चाळीस सेकंद थांबले की गेलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. म्हणजे माझा राउटर यात नाही.

लॅपटॉपला तुमच्याकडून मिळालेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, 100.72 ने सुरू होतो. 100.64 ते 100.127 हे पत्ते सीजीनॅटसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणजे एकच पब्लिक आयपी तुम्ही अनेक ग्राहकांत वाटता. त्याला माझी हरकत नाही. पण आमचं व्हीपीएन यूडीपीवर (जोडणी सुरू झाली, संपली हे न कळवता डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर) चालतं, आणि लाइन जरा शांत झाली की आयपी वाटणारं तुमचं यंत्र माझ्या जोडणीची नोंद पुसून टाकतं. मग ऑफिसकडून आलेलं उत्तर कुणाकडे पाठवायचं हे त्याला कळतच नाही. ही नोंद साधारणपणे दोन मिनिटांच्या आत पुसू नये आणि पाच मिनिटं किंवा जास्त ठेवावी, असं आरएफसी 4787 हे इंटरनेटचं मानक 2007 पासून सांगतं. ऑफिसच्या व्हीपीएनचं सेटिंग बदलणं माझ्या हातात नाही. तुमचं सेटिंग तुमच्या हातात आहे.

म्हणून ही वेळमर्यादा वाढवा, नाहीतर मला पब्लिक आयपी द्या. त्याचे नियमाने जे पैसे होतील ते मी भरेन. आणि कृपा करून घरी पुन्हा वायरमन पाठवू नका, तो बिचारा तिसऱ्यांदा येऊन केबल तपासून गेला. हे पत्र नेटवर्क विभागातल्या माणसाकडे द्या आणि त्यालाच मला फोन करायला सांगा. संध्याकाळी सहानंतर मी त्याच्यासमोर चाचणी करून दाखवीन.

चारही तक्रार क्रमांक आणि चाचणीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. ही तक्रारही न तपासता बंद केलीत, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे मी तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाणार आहे.

आपली,
एक ग्राहक, सातारा