‘एकतर्फी’ लिहून सामना गुंडाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर टेनिसला बऱ्यापैकी जागा मिळते, तेव्हा तक्रार जागेबद्दल नाही. ती एका शब्दाबद्दल आहे. निकाल ६-१, ६-२ असा लागला की बातमीत ‘एकतर्फी’ येते, पाठोपाठ ‘धुव्वा उडवला’ येते आणि चार ओळींत काम आटोपते. सामना पाच सेट रंगला की मात्र पाऊण पान. वाचकाला वाटते, एकतर्फी सामन्यात सांगण्याजोगे काही घडलेच नाही, हरणाऱ्याचा दिवस वाईट होता इतकेच. जिंकणारा सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणारा असला तर ही समजूत हमखास चुकते. तिथे हरणारा वाईट खेळत नसतो, त्याला खेळूच दिलेले नसते.

आधी थोडे गणित. सर्व्हिस करताना शंभरपैकी ५५ गुण जिंकणारा खेळाडू आपला (स्वतः सर्व्हिस केलेला) गेम साधारण ६२ टक्के वेळा राखतो, म्हणजे जिंकतो. ६० गुण जिंकले तर ७४ टक्के आणि ७० जिंकले तर ९० टक्के. (प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता सारखीच धरली आहे, प्रत्यक्षात ती थोडी हलते.) म्हणजे दर दहा गुणांमागे अवघा दीड गुण जास्त, पण गेम राखण्यात २८ टक्क्यांची उडी. टेनिसची गुणपद्धतच अशी आहे की छोटी आघाडी फुगून मोठी दिसते. म्हणून ६-२ म्हणजे तिप्पट चांगला खेळ नव्हे. हा दीड गुण कुठून आला, ते बातमीत यायला हवे.

नुसत्या सर्व्हिसने सामना एकतर्फी होत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. २०१९ मध्ये आपल्याच राज्यात, बालेवाडीला, केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत झाली. दोघेही ताडमाड उंच, दोघांची सर्व्हिस तोफखान्यासारखी. निकाल ७-६, ६-७, ७-६. तीन सेट, तिन्ही टायब्रेकरवर (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर). दोघांनाही समोरच्याची सर्व्हिस भेदता, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकता येत नसेल तर असेच होणार. एकतर्फी निकालासाठी दुसरे टोकही हलावे लागते. एकाचा सर्व्हिस गेम दीड मिनिटात संपतो, दुसरा घाम पुसतो न पुसतो तोच पुन्हा सर्व्हिसला उभा राहतो आणि प्रत्येक वेळी आपण मागे पडलो आहोत हे त्याला ठाऊक असते. मग तो पहिली सर्व्हिस रेषेच्या जास्तच जवळ मारू पाहतो, ती बाहेर जाते, दुसरी आखूड पडते आणि रिटर्न करणारा त्यावरच नेट गाठतो.

१९८४ ची विम्बल्डनची अंतिम लढत याचा नमुना आहे. जॉन मॅकेन्रोने जिमी कॉनर्सला ६-१, ६-१, ६-२ असे ८० मिनिटांत हरवले. कॉनर्स त्या काळातल्या सर्वोत्तम रिटर्न करणाऱ्यांपैकी एक, तेव्हा ‘रिटर्न जमले नाहीत’ हे उत्तर पुरत नाही. मॅकेन्रो सर्व्हिसला उभा राहताना नेटकडे जवळजवळ पाठ करायचा, दोन्ही पावले बेसलाइनला (कोर्टाच्या मागच्या रेषेला) समांतर. खांदे उलगडेपर्यंत चेंडू कुठे जाणार ते समोरच्याला कळत नसे. दोघेही डावखुरे असल्यामुळे त्याची स्लाइस (बाजूने फिरकी दिलेली) सर्व्हिस वळत जायची ती कॉनर्सच्या फोरहँडकडे. गवतावर स्लाइस उसळत नाही, सरपटते. आणि गुडघ्याखालचा, वेग नसलेला चेंडू फोरहँडने उचलून मारणे ही कॉनर्सची जुनी दुखरी नस. १९७५ च्या अंतिम लढतीत आर्थर ॲशने तीच दाबली होती. शिवाय ॲश उजव्या हाताचा असल्याने ड्यूस (उजव्या बाजूच्या) कोर्टवरून त्याची स्लाइस कॉनर्सच्या दोन हातांच्या बॅकहँडला कोर्टाबाहेर ओढून न्यायची आणि उरलेल्या मोकळ्या कोर्टात व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) पडायची. पहिले दोन सेट ६-१, ६-१. दोन वेगळे हात, दोन वेगळ्या दिशा, पण हिशेब एकच: कॉनर्सला कमरेच्या उंचीवर वेगवान चेंडू द्यायचा नाही.

मला स्वतःला मात्र १९९१ च्या अमेरिकन ओपनची अंतिम लढत जास्त शिकवणारी वाटते, कारण ती गवतावर नव्हे, हार्ड कोर्टवर झाली. स्टीफन एडबर्गने जिम कुरियरला ६-२, ६-४, ६-० असे हरवले. कुरियर त्याच वर्षीचा फ्रेंच विजेता, आणि पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत त्याने एडबर्गलाच घरी पाठवले होते. एडबर्गची सर्व्हिस काही तुफानी नव्हती. त्याचे हत्यार होते किक.

किकचा टॉस (सर्व्हिससाठी हवेत उडवलेला चेंडू) डोक्यावर, किंचित डावीकडे, पण बेसलाइनच्या फूटभर आत हवा. रॅकेट चेंडूच्या डाव्या-खालच्या अंगाकडून उजव्या-वरच्या अंगाकडे घासत जाते. चेंडू नेटवरून चांगला उंचावरून जातो, झपकन खाली येतो आणि टप्पा पडताच उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडकडे, खांद्याच्या उंचीला उसळतो. आता वेळेचा हिशेब बघा. ताशी २०० किलोमीटरच्या सपाट सर्व्हिसपेक्षा १५० च्या किकला रिटर्न करणाऱ्यापर्यंत पोहोचायला सुमारे दोन दशांश सेकंद जास्त लागतात. तेवढ्या वेळात धावणारा खेळाडू मीटरभर पुढे सरकतो. बेसलाइनपासून सर्व्हिस लाइन ५.४९ मीटर, तिथून नेट ६.४० मीटर. तो एक मीटर मिळाला तर पहिली व्हॉली सर्व्हिस लाइनच्या आत, नेटच्या उंचीवर मिळते. नाही मिळाला तर सर्व्हिस लाइनच्या मागे, बुटांपाशी. वेग कमी करून वेळ विकत घ्यायचा, हा यातला उलटा व्यवहार आहे. वेगाचे आकडे पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

पुढचा भाग टीव्हीवर कोणी बघत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. सर्व्हिसनंतर डावा पाय कोर्टात पडतो, तीन-चार लांब पावले होतात, आणि समोरच्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर येतात. हीच स्प्लिट स्टेप. ती नेमकी कुठे पडली याला फार महत्त्व नाही, कधी पडली याला आहे. आणखी एक पाऊल मिळेल या लोभाने धावत राहिलेला खेळाडू समोरून येणारा चेंडू घेऊ शकतो, पण हातभर बाजूने जाणाऱ्या चेंडूकडे त्याला वळता येत नाही. पहिली व्हॉली गुण संपवण्यासाठी नसतेच. ती खोल, बहुतेकदा मध्यावर मारायची, म्हणजे पासिंग शॉटला (नेटवरच्या खेळाडूच्या बाजूने काढलेल्या फटक्याला) कोन मिळत नाही. संपवायची ती दुसरी. मनगट घट्ट, रॅकेट शरीराच्या पुढे, हात मागे नेणे बंद. चेंडू नेटच्या पातळीखाली असेल तर गुडघा वाकवायचा, पाठ नाही. पाठ वाकली की रॅकेटचे डोके पडते आणि चेंडू जाळीत जातो.

सर्व्हिस कुठे टाकली यावर धावण्याची रेषा ठरते. मध्यरेषेवर टाकली तर समोरच्याला कोन कमी मिळतो, नेटवर मधोमध उभे राहता येते. बाहेर टाकली तर कोर्ट मोकळे होते, पण रेषेलगतचा पासिंग शॉटही उघडा पडतो. तिथे चेंडूच्या मागोमाग त्या बाजूला दीड पाऊल सरकून धावावे लागते. आणि थेट अंगावर टाकलेली सर्व्हिस ही सर्वांत कमी वापरली जाणारी, तरी सर्वांत उपयोगी. बरगडीपाशी आलेल्या चेंडूवर चांगल्या-चांगल्यांची रॅकेट अडकते.

याच कुरियरने जेमतेम साडेचार महिन्यांनी, जानेवारी १९९२ मध्ये, मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम लढतीत याच एडबर्गला चार सेटमध्ये हरवले. तिथला रिबाउंड एस पृष्ठभाग न्यूयॉर्कच्या कोर्टपेक्षा संथ. टप्प्यानंतर चेंडू थांबून येतो आणि रॅकेट फिरवायला वेळ मिळतो. पृष्ठभाग हेच एकमेव कारण असे मी म्हणणार नाही. पण ६-०ने संपलेला सेट म्हणजे कुरियरला टेनिस येत नव्हते असे मानायला हा निकाल जागा ठेवत नाही.

बिघडते तेव्हा हेच यंत्र उलटे फिरते. २००१ च्या अमेरिकन ओपनमध्ये सर्व्हिसमागोमाग नेट गाठणारा पीट सॅम्प्रास आणि आंद्रे आगासी उपांत्यपूर्व फेरीत चार सेट खेळले, चारही टायब्रेकर, दोघांपैकी कोणाचीच सर्व्हिस एकदाही भेदली गेली नाही. त्याच आठवड्याच्या शेवटी लेटन ह्युइटने सॅम्प्रासला ७-६, ६-१, ६-१ असे उडवले. सॅम्प्रास तीस वर्षांचा, ह्युइट वीस. ह्युइट रिटर्न जोरात मारण्याच्या मागे लागला नाही, तो चेंडू पायांपाशी बुडवत राहिला. नेटकडे पोहोचायला अर्धे पाऊल उशीर झाला की व्हॉली खालून वर उचलावी लागते, ती अलगद येते आणि पुढच्या फटक्याला पासिंग शॉट किंवा लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू) ठरलेला. अर्ध्या पावलाने ७-६ चे ६-१ होते.

मग ही शैली मागे का पडली? विम्बल्डनने २००१ पासून संपूर्ण राय गवत वापरायला सुरुवात केली, चेंडू आधीपेक्षा वर उसळू लागला. पॉलिएस्टरच्या तारांमुळे जोरकस टॉपस्पिन (चेंडूला खाली आणणारी पुढच्या दिशेची फिरकी) मारूनही चेंडू आत राहू लागला आणि नेटवरच्या माणसाच्या पायांशी बुडू लागला. २००२ च्या विम्बल्डनच्या अंतिम लढतीत ह्युइट आणि नालबांडियन यांनी सर्व्हिसमागोमाग नेट गाठून एकही गुण खेळला नाही. पण शैली मेली हे लिहिणे घाईचे आहे. दानील मेदवेदेव रिटर्नला बेसलाइनच्या कितीतरी मागे उभा राहतो. २०२३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम लढतीत नोव्हाक जोकोविचने त्यावर सर्व्हिसमागोमाग नेट गाठण्याचाच उपाय काढला, ६-३, ७-६, ६-३. इतक्या मागून येणाऱ्या रिटर्नला वेळ लागतो, तोवर सर्व्हिस करणारा नेटला जवळजवळ चिकटलेला असतो आणि आखूड व्हॉलीपर्यंत मागचा माणूस धावून पोहोचत नाही.

नागपूरकरांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. रामनगरच्या कोर्टवर किंवा शहरातल्या क्लबांत मुले खेळतात ती हार्ड कोर्टवर, आणि आपला उन्हाळा सर्वांना माहीत आहे. नियमानुसार टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो, पण ही चाचणी २० अंश तापमानाला घेतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. आतला दाब वाढतो, हवा विरळ होते, चेंडू उडतोही आणि उसळतोही जास्त. म्हणजे किकसाठी याहून बरी हवा शोधून सापडायची नाही. तरी इथली पंधरा वर्षांची मुले बेसलाइनच्या दोन मीटर मागे उभी राहून रॅली करताना दिसतात. एक कारण सरावाचे: डब्यातून काढून महिना झालेल्या, मेलेल्या चेंडूंवर किक उसळतच नाही, मग मुलगा म्हणतो ‘सर, हे चालत नाही’. सर्व्हिस-व्हॉलीच्या सरावाला निदान सहा-आठ ताजे चेंडू बाजूला ठेवावेत. दुसरे कारण पालकांचे. नेटवर डोक्यावरून दोन लॉब गेले की कुंपणाबाहेरून ‘मागे राहा, मागे राहा’ सुरू होते. बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून लॉब जाणारच, उंचीच तेवढी आहे. चौदा-पंधरानंतर तो हिशेब बदलतो. आणि तिसरे कारण, क्षमा असावी, वर्तमानपत्र. ही मुले निकाल वाचतात, तो कसा लागला ते त्यांना वाचायला मिळत नाही.

मागणी लहान आहे. निकालाच्या चौकटीत बिनतोड सर्व्हिस आणि डबल फॉल्ट आपण देताच. त्याखाली आणखी दोन आकडे द्यावेत: पहिली सर्व्हिस किती टक्के आत पडली, आणि खेळाडू नेटवर किती वेळा आला व त्यातले किती गुण जिंकला. मोठ्या स्पर्धांचे हे आकडे सामना संपताच मिळतात. ‘एकतर्फी’ हा शब्द वापरायचाच असेल तर त्यापुढे एक ‘कारण’ जोडावे. १९९१ च्या त्या लढतीची बातमी अशी लिहिता आली असती: ‘एडबर्गच्या किकने कुरियरच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर खेळायला लावले आणि पहिल्या खोल व्हॉलीने त्याला बेसलाइनमागे डांबले. ६-२, ६-४, ६-०.’ शब्द मोजून पाहा, ‘धुव्वा’, ‘दाणादाण’ आणि ‘निष्प्रभ’ यांना लागते तेवढीच जागा लागते.

आपला,
एक टेनिस प्रशिक्षक
नागपूर