पडद्याचा तळ जाहिरातींना आंदण?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ स्पष्ट आहे. जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. पडद्याच्या खालच्या भागातील स्थिर वा सरकत्या मजकुराचा त्यात थेट उल्लेखही आहे. तरीही क्रिकेटच्या सामन्यात चेंडू पडायच्या आत चित्र आक्रसते आणि कडेला, खाली जाहिरात पसरते. मालिकेत तर ऐन प्रसंगात साबणाची वडी पात्रांच्या अंगावर येते.

‘ट्राय’ने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०१२ मध्ये अशा पडद्याच्या काही भागावरच्या जाहिरातींना मज्जाव केला होता. २०१३ च्या दुरुस्तीत तो गळला आणि तासाला १२ मिनिटांची मर्यादा तेवढी उरली.

सर्वांत जास्त त्रास होतो तो ऐकू न येणाऱ्यांना. संवादांची अक्षरे पडद्याच्या तळाशीच उमटतात आणि नेमकी तीच झाकली जातात. माझ्या आईला कमी ऐकू येते. ती चित्रपट या अक्षरांच्याच आधाराने पाहते. मध्येच वाक्य तुटले की शेजारी बसलेल्याला विचारत राहते. हा साधा गैरसोयीचा प्रश्न नाही, तिच्या हक्काचा आहे.

यूट्यूबने व्हिडिओवर तरंगणाऱ्या जाहिराती एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या. मग दरमहा पैसे भरणाऱ्या टीव्ही प्रेक्षकांनीच त्या का सोसाव्यात? माहिती व प्रसारण मंत्रालयाने आहे तो नियम अमलात आणावा. निदान संवादांची अक्षरे झाकणाऱ्या जाहिराती तरी तातडीने थांबवाव्यात.

– एक वाचक, सातारा