बेडकाची लांबी छापलीत, पाचोळा राहिला

संपादकसाहेब, नमस्कार.

परवाच्या पुरवणीत ‘जगातला सर्वात छोटा बेडूक’ म्हणून नाण्यावर बसलेल्या बेडकाचा फोटो टाकलात, बघून मजा वाटली, पण खालच्या चार ओळी वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. ‘हा चिमुकला जीव डबक्यात राहतो’ असं छापलंय. अहो, त्याला डबकं लागतच नाही, त्याची खरी गंमत तीच तर आहे!

फोटोतला बेडूक पापुआ न्यू गिनीचा, शास्त्रीय नाव पेडोफ्राइन अमाउएन्सिस. अमाउ गावाजवळच्या रेनफॉरेस्टमध्ये २००९ साली सापडला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याच्यावरचा शोधनिबंध आला. पूर्ण वाढ झालेला बेडूक सरासरी ७.७ मिलिमीटर. रंग गडद तपकिरी, अंगावर निळसर पांढरे वेडेवाकडे ठिपके, कुजत आलेल्या ओल्या पानावर असला की समोर असून दिसत नाही. मग सापडला कसा, तर आवाजावरून. पहाटे आणि तिन्हीसांजेला बारीक किर्र आवाज यायचा, कुणालाही वाटेल किडाच आहे, शास्त्रज्ञांनी आवाजाचा अंदाज घेत घेत जागा हेरली, तिथला पाचोळा मुठीने उचलून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला आणि एकेक पान बाजूला करत बसले, तेव्हा कुठे एक टुणकन उडाला. तुम्ही नुसता आकडा दिलात, हे एवढं भारी सगळं गाळलंत.

आता राहण्याचं. बेडकाच्या कातडीतून पाणी सतत उडत असतं आणि जीव जितका लहान तितकं ते भराभर उडतं, त्यामुळे एवढासा बेडूक उन्हात काय, नुसत्या कोरड्या हवेतसुद्धा टिकणार नाही. रेनफॉरेस्टच्या जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो, तो आतून बाराही महिने ओला राहतो, म्हणून हा तिथे जगतो. खायलाही तिथेच मिळतं, माइट्ससारखे अगदी बारके जीव, जे मोठ्या बेडकांच्या खिजगणतीतही नसतात. आणि या गटातल्या बेडकांमध्ये टॅडपोलची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची भानगडच नाही, ओलसर जमिनीवरच्या अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. मग डबकं हवंय कुणाला?

‘सर्वात छोटा’ हेही जुनं झालं बरं का. २०२४ मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या एका बेडकाची मापं आली, त्यातला सर्वात छोटा नर ६.४५ मिलिमीटर भरला. ब्रॅकिसेफॅलस प्युलेक्स त्याचं नाव. तोही पाचोळ्यातलाच, डोंगरमाथ्यावरच्या जंगलातला. म्हणजे एक बेडूक न्यू गिनीत, एक पार ब्राझीलमध्ये, एकमेकांशी जवळचं नातं नाही तरी दोघंही ओल्या पानांखाली राहून एवढेसे झाले, मला तर हे रेकॉर्डपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

लांब कशाला जायचं, आपल्या पश्चिम घाटात केरळ-तामिळनाडूकडे दिल्ली विद्यापीठाच्या सोनाली गर्ग आणि एस. डी. बिजू यांच्या टीमने २०१७ साली नाइट फ्रॉग नावाच्या बेडकांच्या सात नव्या जाती नोंदवल्या, त्यातल्या चार इवल्याशा, १२.२ ते १५.४ मिलिमीटरच्या. दुर्मीळ म्हणून नजरेतून सुटल्या होत्या असंही नाही, तिथे बऱ्यापैकी आहेत, पण आकार बारका, राहायचं ओल्या गवता-पानांच्या आत आणि ओरडायचं किड्यासारखं, मग लक्ष जाणार कुणाचं.

तेव्हा साहेब, पुढच्या पुरवणीत डबक्याची दुरुस्ती तेवढी टाका, आणि जागा असेल तर या नाइट फ्रॉगचा फोटो द्या, पण नाण्यावरचा नको, पाचोळ्यातलाच द्या, शोधू देत पोरांना.

– आपला एक नेहमीचा वाचक