नुसते चालणे पुरेसे नाही

जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार) दिनानिमित्त (२० ऑक्टोबर) आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. आहार आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची माहिती उपयुक्त आहे. मात्र व्यायामाचा विषय ‘रोज अर्धा तास चाला’ एवढ्यावर आटोपला, हे खटकले. चालण्याने दमसास वाढतो, मन रमते. पण मणक्यांची घनता त्याने फारशी वाढत नाही. सवयीपेक्षा जास्त भार पेलावा लागला, तरच हाड बळकट होते. ऑस्ट्रेलियातील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाडे विरळ झालेल्या रजोनिवृत्त स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली, उड्याही मारल्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली.

अर्थात हे यूट्यूब पाहून करण्याचे काम नव्हे. मणका आधीच पिचलेला असेल, तर पश्चिमोत्तानासनासारखे पुढे वाकणेही महागात पडू शकते. महापालिकांनी बागांत खुल्या व्यायामशाळा थाटल्या खऱ्या, पण तिथल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवता येत नाही आणि शिकवायला कोणी नसते. (उद्घाटनाचा फलक तेवढा ठसठशीत असतो.) त्यापेक्षा ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट नेमावा. फिजिओथेरपी महाविद्यालयांतील इंटर्न विद्यार्थ्यांचीही त्याला मदत घेता येईल.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे